हिरवी वायर

हमिंग काढण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मुळशी तालुक्यात कुणी नाही, असं मी तरुणपणी स्वतःच सांगत फिरायचो. रेडिओ असो, लग्नातला लाऊडस्पीकर असो, नाहीतर देवळातला अ‍ॅम्प्लिफायर असो, गाणं सुरू व्हायच्या आधी मागे जी एक बारीक घूंऽऽ ऐकू येते तिला आम्ही हमिंग म्हणतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "आवाज लई ग्वाड हाय, पण मागं भुंगा बसलाय." मी भुंगा उडवून द्यायचो. पौडाच्या बाजारपेठेत अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्या मागे ते मी चालवत होतो. अब्बा सावकाश काम करायचे, मी झटपट. लोकांना झटपट आवडायचं, आणि लोकांना मी आवडावं, हे मला आवडायचं. ही माझ्या स्वभावातली खोट आहे, आणि आता या वयात ती लपवण्यात काही मतलब नाही.

माझा एक मित्र होता. पिरंगुटवरून उरवड्याकडे जाताना वाटेत त्याचं गाव लागायचं. घरची भातशेती, दावणीला चार म्हशी, आणि या गड्याच्या बोटांत सूर. तो भजनात पेटी वाजवायला लागला की म्हातारी माणसं टाळ मांडीवर ठेवून ऐकत बसायची. शाळेपासून आमचं मेतकूट. तो शनिवारी माझ्या दुकानात यायचा आणि दुरुस्तीला आलेल्या रेडिओंवर फुकटात गाणी ऐकायचा.

त्याचं लग्न झालं त्याच वर्षी त्यानं विजेवरचा ऑर्गन घेतला. पुण्यात कॅम्पातल्या एका हॉटेलात पूर्वी नाचगाणं चालायचं. ते बंद पडलं आणि त्यांचं सामान विकायला निघालं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन ओळी, पुढे पितळी खटके, आत लोखंडी सांगाडा, असं ते जुनं परदेशी धूड चार जणांनी टेंपोतून उतरवलं. त्याच्याबरोबर छातीएवढं उंच एक लाकडी कपाट आलं. गावातल्या बायकांना वाटलं, नव्या सुनेला कपडे ठेवायला आणलंय. पण त्या कपाटाच्या पोटात स्पीकर होता, आणि स्पीकरच्या तोंडाशी एक काळा कर्णा मोटारीवर गरगर फिरायचा. कर्णा आपल्याकडे तोंड करतो तेव्हा सूर अंगावर येतो, पाठ फिरवतो तेव्हा लांब जातो. त्यामुळे एकच सूर धरून ठेवला तरी तो पाण्यासारखा हलत राहतो. मोटारीला दोन वेग होते, एक सावकाश आणि एक जोरात. मित्राला सावकाश आवडायचा.

हॉटेलातल्या कुणा शहाण्यानं दोन्ही वस्तू सुट्या करताना मधली जाड केबल पकडीनं सरळ कापली होती. आत डझनभर बारीक वायरी, नकाशा कुठेच नाही. आम्ही दोघं आठ दिवस त्याच्या पडवीत घोंगडीवर बसून एकेक वायर शोधत होतो. त्याची बायको, माझी वहिनी, शेजारी सुपात तांदूळ निवडत बसायची. आम्ही गोंधळलो की ती मान वर न करता म्हणायची, "निळी कालच बघितलीया तुमी. करडी ऱ्हायलीय." आणि करडीच राहिलेली असायची. मित्र मला डोळा मारून म्हणायचा, "दुकान हिच्या नावावर कर."

नवव्या दिवशी कर्णा फिरला. मित्रानं नुसता एक सूर दाबला आणि पडवीतल्या कोंबड्या अंगणात पळाल्या. त्याची आई चुलीपुढून उठून दारात आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. इतका आनंद मी माझ्या हातानं दुसऱ्या कुणाला दिलेला मला आठवत नाही. फक्त मागे भुंगा होता. घूंऽऽ. मित्र म्हणाला, "ह्यो तेवढा काड, म्हंजी झालं."

आता मी काय केलं ते नीट सांगतो. विजेच्या यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरलीच, तर ती माणसात न शिरता जमिनीत जावी म्हणून प्लगमध्ये हिरवी वायर असते. ऑर्गनला त्याची हिरवी वायर होती, कपाटाला त्याची. शिवाय मधल्या केबलच्या तारेच्या जाळीनंही दोघं एकमेकांना बांधलेले होते. जमिनीकडे जायला असे दोन रस्ते झाले की त्या फेऱ्यात भुंगा बसतो. त्यावर रीतसर उपाय म्हणजे मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर टाकायचा. त्यासाठी पुण्याला जायला हवं होतं. दुसरा उपाय एका मिनिटाचा होता आणि आमच्या धंद्यात तो सगळेच करायचे. मी ऑर्गनचा प्लग उघडला, हिरवी वायर कापली, टोकाला काळी टेप गुंडाळून आत दडपली आणि झाकण लावून टाकलं. भुंगा गेला. मित्रानं माझ्या पाठीत धपाटा घातला.

धोका मला कळत नव्हता असं नाही. मी मनात हिशेब केला होता. ऑर्गनची हिरवी वायर गेली तरी कपाटाची आहे. मधल्या केबलमधून ऑर्गन कपाटाला धरून आहे आणि कपाट जमिनीला. जोवर दोघं जोडलेले आहेत तोवर काळजी नाही, आणि कपाटाशिवाय हा कशाला वाजवेल? ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही. सांगितली असती तर त्यानं ट्रान्सफॉर्मर आणायला लावला असता.

पुढच्या उन्हाळ्यात कर्ण्याचा पट्टा तुटला. मित्रानं कपाट माझ्या दुकानात आणून टाकलं. आठवडाभरानं तो सायकलवरून आला. शेजारच्या गावात लग्न होतं, त्याला ऑर्गन घेऊन बोलावलं होतं. "कपाट झालं का रं?" मी कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरच्या सुटलेल्या तारेला कथलाचा डाग देत होतो. मान वर न करता म्हणालो, "ऱ्हाऊ दे एक दिवस. मांडववाल्याच्या स्पीकरवर वाजव." बरं म्हणून तो गेला. सायकलची घंटा वाजवत गेला, हेसुद्धा मला आठवतं. प्लगमधली वायर मात्र आठवली नाही.

मी तिथे नव्हतो. जे कळलं ते लोकांकडून. मांडवात धुरळा उडू नये म्हणून पाणी मारलं होतं. देवक बसवलेलं होतं म्हणून त्यानं चपला बाहेर काढल्या. एका हातात माईक होता. वाजवायच्या आधी वाद्याला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, ही त्याची भजनापासूनची रीत. त्यानं ऑर्गनच्या लोखंडी कडेला हात लावला. तो हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

मी खांदा दिला. चार खांद्यांपैकी एक माझा होता, आणि माझ्या मित्राचं वजन मला अजून त्या खांद्यावर जाणवतं. पंचनाम्यात विजेचा धक्का एवढंच आलं. प्लग कुणी उघडून पाहिला नाही. मला वाटलं, दहावा होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, तेरावा होऊ दे.

तेवढ्यात गावानं आपला निकाल देऊन टाकला. ऑर्गनला बाधा आहे. एका देवऋष्यानं सांगितलं, हॉटेलातली कुणी नाचणारी बाई त्यात अडकली आहे, तिनं याला नेलं. ऑर्गन मागच्या खोलीत ढकलला, त्यावर गोणपाट टाकलं, वर लिंबू-मिरची बांधली. आणि हे धूड घरात आलं कधी? सून आली त्याच वर्षी. दोन्ही गोष्टी एका माळेत ओवायला लोकांना फार वेळ लागला नाही. वहिनी पांढऱ्या पायाची ठरली. वय तेव्हा तिचं विशीच्या आतबाहेर.

लोक दुकानात येऊन मला विचारायचे, "तुमी तर त्यात हात घातला व्हता. काय दिसलं का?" आणि मी काय म्हणायचो? "असंल बाबा. आपल्याला काय कळतंय." मी भुताला पुढे केलं. भुताच्या नावावर काहीही खपवलं तरी ते तक्रार करायला येत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

पण कपाट माझ्या दुकानात राहिलं होतं. ते परत न्यायला कुणी आलं नाही, आणि माझी पोचवायची हिंमत झाली नाही. कोपऱ्यात, रेडिओच्या फळीखाली ते उभं असायचं. पट्टा तुटलेला असल्यामुळे आतला कर्णा मोकळा होता. रस्त्यावरून ट्रक गेला की जमीन थरथरायची आणि कर्णा थोडासा वळायचा. हे कारण मला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज सकाळी फळ्या काढल्या की मी आधी कपाटाच्या झडपांतून आत बघायचो, आज त्याचं तोंड कुठे आहे. कधी भिंतीकडे, कधी दाराकडे. ज्या सकाळी ते माझ्या खुर्चीकडे असायचं, त्या सकाळी मी खुर्ची हलवायचो. बायकोनं दोनदा विचारलं, खुर्ची रोज वेगळ्या जागी का. मी म्हणालो, उजेडासाठी.

भुंगाही माझ्या मागे लागला. लोकांच्या रेडिओतला मी काढायचो, पण तो माझ्या कानात येऊन बसायचा. नमाज पढताना, जेवताना, घूंऽऽ. दुकानात काम सावकाश व्हायला लागलं. कोणत्याही प्लगची हिरवी वायर मी तीन-तीनदा ओढून बघायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, आता तुमी अगदी अब्बांवर गेलात. ते कौतुकानं म्हणायचं. मी भीतीनं करत होतो.

अशी सात वर्षं गेली. एक दिवस वहिनीचा निरोप आला. मित्राचा धाकटा भाऊ मोठा झाला होता, उरवड्याला नव्या कारखान्यात कामाला लागला होता, आणि त्याला ऑर्गन वाजवायचा होता. भूतबीत काही मानत नाही म्हणाला. "कपाट घेऊन या आन् दोन्ही पयल्यासारखं जोडून द्या," असा निरोप.

धाकट्याचा हात त्या लोखंडी कडेवर, एवढंच मला दिसलं. जायला तर हवंच होतं. मी पट्टा बसवला, कपाट टेंपोतून पुढे पाठवलं, पिशवीत तो छोटा ट्रान्सफॉर्मर टाकला. मित्र गेला त्याच महिन्यात मी तो पुण्याहून आणला होता. कशासाठी आणला मला सांगता येणार नाही, पण सात वर्षं तो खणात पडून होता. आणि सदऱ्याच्या खिशात एक नवा प्लग घेतला. बेत साधा होता. जुना प्लग कापायचा, खिशात घालायचा, नवा लावायचा. हिरव्या वायरीसकट सगळं रीतसर होईल, धाकटा सुखरूप राहील आणि माझं गुपितही.

पहिल्या दिवशी ऑर्गन पडवीत काढला. गोणपाटाखाली उंदरांनी घर केलं होतं. वहिनी शेजारी सूप घेऊन बसली, पूर्वीसारखी. केबल कुरतडलेली होती, पुन्हा सगळ्या वायरी शोधणं आलं, पण या वेळी कुठला रंग कशाला हे ठाऊक होतं. म्हातारी, मित्राची आई, खांबाला टेकून बसली होती, आमच्याकडे पाठ करून. दुपारी धाकटा डबा घेऊन पाळीवर जायला निघाला. वहिनी तेव्हा मला सांगत होती की म्हैस व्यायली, खरवस घेऊन जा. म्हातारी नुसती खाकरली. वहिनी वाक्य अर्धं टाकून उठली आणि आत दाराआड जाऊन उभी राहिली. धाकटा गेला. सायकल दिसेनाशी झाल्यावर ती परत आली, बसली आणि म्हणाली, "तर खरवस घिऊन जावा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. घरातला पुरुष कामाला निघताना तिनं समोर यायचं नव्हतं. सात वर्षं, रोज. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. अंगणातून वाळवण उचलावं तशी ती उठली होती. त्या दिवशी घरी जाताना मी खरवसाचं भांडं सायकलच्या हँडलला लावलं आणि घाटासारखा चढ नसतानाही सायकल हातात धरून चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लगची वेळ आली. मी तो पकडीनं कापला आणि खिशाकडे नेला, तोच वहिनी म्हणाली, "हितं द्या. त्यांची वस्तू मी टाकत न्हाई."

दिला. नाही कसा देणार? मी नवा प्लग उघडला, तांबडी, काळी, हिरवी अशा तिन्ही वायरी सोलल्या, तीन पितळी खांबांना आवळल्या. वहिनी बघत होती. मग तिनं माझा पेचकस उचलला आणि जुन्या प्लगचं झाकण उघडलं. सहजच, हातात आहे म्हणून. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "भावजी, ह्यात खांब तीन हायेत आन् वायरी दोनच?"

म्हातारी खांबाशी बसलेली होती. धाकटा मोरीवर दात घासत होता.

"जुन्या प्लगात तसंच असतं" एवढं म्हटलं की झालं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सात वर्षं मी अशी वाक्यं बनवण्यात तरबेज झालो होतो. पण ती टेप दिसली. माझ्या हातानं गुंडाळलेली, कडक झालेली काळी टेप, तिच्या बोटाजवळ.

मी म्हणालो, "तिसरी मी कापली, वहिनी."

"कशापायी?"

"भुंगा काढायला."

मग सगळं सांगितलं. हिरवी वायर कशासाठी असते, कपाटानं ऑर्गनला कसं धरून ठेवलं होतं, कपाट माझ्या दुकानात पडलेलं असताना मी मान वर न करता त्याला काय म्हणालो. मला वाटलं होतं मी रडेन. रडलो नाही. आवाज एखाद्या गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसा निघत होता, आणि त्याची मला जास्त शरम वाटली. शेवटी म्हणालो, "बाधा न्हवती. बाई न्हवती कुनी. मी व्हतो."

धाकटा तोंडात फेस घेऊन तसाच उभा होता. वहिनीनं प्लग सुपात, तांदळावर ठेवला. ती म्हणाली, "मंग सात वरसं मी कोन व्हते?"

मी हातातली पकड खाली ठेवली.

तिनं मला जा म्हटलं नाही. ये असंही पुन्हा कधी म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "हातातलं पुरं करा." मी पुरं केलं. ट्रान्सफॉर्मर बसवला, केबल जोडली, चालू केलं. आम्ही मेकॅनिक लोक यंत्राला वीज उतरलीय का हे उलट्या हातानं बघतो, म्हणजे झटका बसला तर हात मागे उडतो, चिकटत नाही. मी हात उलटा करून पुढे नेला. वहिनी म्हणाली, "तसा न्हवं. त्यांनी लावला तसा लावा."

मी चपला काढल्या. तिनं कळशीतलं पाणी माझ्या पायाशी ओतलं. आवाज तपासायला आणलेला माईक मी एका हातात धरला आणि दुसरा पंजा लोखंडी कडेवर ठेवला, पालथा, पूर्ण. काही झालं नाही. गार लोखंड होतं. मग तो हात कपाळाला लावावासा वाटला, पण तो अधिकार माझा नव्हता, म्हणून नुसता खाली घेतला.

धाकट्यानं एक सूर दाबला. कर्णा सावकाश फिरायला लागला, सूर अंगणात गेला आणि परत आला, परत गेला. कोंबड्या पळाल्या. मागे अगदी बारीक भुंगा उरला होता. मी नेहमीच्या सवयीनं म्हणालो, "हा थोडा ऱ्हातोच." वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी आता त्याला हात लावू नगा."

मी म्हातारीच्या पायाशी जाऊन बसलो तर तिनं पाय आखडून घेतले. मी हत्यारं गोळा करायला लागलो.

दुपार झाली. धाकट्यानं डबा घेतला, सायकल काढली. वहिनी सूप खाली ठेवून उठली. तेवढ्यात म्हातारीनं, आमच्याकडे न बघता, घसा साफ केला आणि म्हणाली, "कुटं चाललीस? ऱ्हा की हितंच."

वहिनी थांबली. सासूच्या पाठीकडे तिनं पाहिलं, अंगणात सायकलवर एक पाय टाकून खोळंबलेल्या दिराकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मग ती रोजच्यासारखी आत गेली आणि दाराआड उभी राहिली.